गोदामाचं मंगल कार्यालय करायचंय, फायर एनओसीसाठी काय लागतं?

प्रश्न: परभणी शहरात आमचं कापसाचं जुनं गोदाम आहे, एकमजली, आतून ३० बाय २० मीटर. त्याचं मंगल कार्यालय करायचंय. आग विझवायचे आठ-दहा सिलिंडर टांगले की फायर एनओसी (अग्निशमन विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र) मिळते म्हणतात, खरं का?

उत्तर: नाही. लाल सिलिंडर हा या कामातला सगळ्यात स्वस्त भाग, आणि तो सगळ्यात शेवटी येतो. आधी माणसं मोजा, मग दरवाजे.

तुमचं सभागृह ६०० चौरस मीटर. राष्ट्रीय इमारत संहिता (एनबीसी २०१६) टेबल मांडून जेवणासाठी माणशी १.८ चौरस मीटर धरते, म्हणजे सुमारे ३३३ माणसं. पण अक्षतांच्या वेळी नुसत्या खुर्च्या दाटीनं लागतात. तेव्हा माणशी ०.६५ धरतात आणि आकडा ९२० च्या पुढे जातो. हिशेब मोठ्या आकड्याचाच करायचा. सपाटीवरच्या दरवाजाला माणशी ६.५ मिलिमीटर रुंदी लागते, म्हणजे एकूण ६ मीटर. सभागृहाचा बाहेर पडायचा दरवाजा २ मीटरपेक्षा अरुंद चालत नाही आणि ५०० च्या वर माणसं असली की किमान तीन वाटा लागतात. थोडक्यात, २ मीटरचे तीन दरवाजे, तेही एकाच भिंतीत नकोत. कुठल्याही खुर्चीपासून जवळचा दरवाजा ३० मीटरच्या आत यायला हवा.

गोदामाचं शटर यात धरू नका. दरवाजा बाहेरच्या बाजूला उघडला पाहिजे आणि आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आला पाहिजे. शटर दोन्हीत नापास. बहुतेक जुन्या गोदामांचं घोडं इथंच अडतं, कारण भिंत फोडून लिंटेल (दरवाजावरची आडवी तुळई) टाकायचा खर्च कुणीच धरलेला नसतो.

कागदांचा क्रम असा. गोदामाचं कार्यालय होणं म्हणजे वापरात बदल, त्यामुळे आर्किटेक्टकरवी आधी महानगरपालिकेच्या नगररचना विभागात प्रस्ताव टाकायचा. त्याच नकाशावर अग्निशमन विभाग प्रोव्हिजनल एनओसी देतो. काय काय बसवायचं (होज रील म्हणजे गुंडाळून ठेवलेला पाण्याचा पाइप, पंप, टाकी, अलार्म) ते तिच्यात लिहिलेलं असतं. काम परवानाधारक एजन्सीकडूनच करून घ्यायचं. परवाना महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचा असतो. त्याची मुदत आणि त्यावरचं नाव स्वतः बघा, व्हिजिटिंग कार्डावर जाऊ नका. काम झालं की एजन्सी फॉर्म ए (यंत्रणा नियमाप्रमाणे बसवल्याचा दाखला) देते, मग पाहणी, फायनल एनओसी आणि भोगवटा प्रमाणपत्र. नकाशात दाखवलेला दरवाजा जागेवर नसेल तर फाइल तिथंच थांबते.

पाण्याकडे आपल्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. दाट तिथी एप्रिल-मेमध्ये आणि बोअर आटतात त्याच महिन्यांत. एकाच टाकीतून पंगतीचं आणि आगीचं पाणी घेतलं तर आगीच्या वेळी टाकी हमखास रिकामी सापडते. त्यावर सोपा उपाय म्हणजे वापराच्या पाण्याचं आउटलेट राखीव पातळीच्या वर बसवायचं, आगीच्या पंपाचं सक्शन (पाणी ओढायचा पाइप) तळाशी. नळ कोरडे पडले तरी राखीव पाणी शिल्लक राहतं. पंपाची वीज मेन स्विचच्या आधीच वेगळी घ्या. आग लागली की पहिल्यांदा मेन पाडतात, आणि पंप त्याच स्विचवर असला तर तोही बंद पडतो. पॅनेल 'ऑटो'वरच ठेवा. पाइप कुठंतरी गळतो, पंप सारखा सुरू होतो, म्हणून वॉचमन तो 'मॅन्युअल'वर टाकतो आणि पुढे सगळे विसरतात.

आग विझवायचा सिलिंडर कुठूनही १५ मीटरच्या आत हाताशी यावा. विजेच्या पॅनेलजवळ सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचा), बाकी ठिकाणी एबीसी पावडरचा (कोरड्या भुकटीचा). पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. सीओटूला काटा नसतो, त्याचं वजन करायचं.

आता आचाऱ्याचा भाग. एलपीजीचा साठा एका वेळी १०० किलोपर्यंत असेल तर स्फोटके विभागाचा (पेसो) परवाना लागत नाही. १९ किलोच्या व्यावसायिक टाक्या पाच झाल्या तर ९५ किलो, सहावी आणली की ११४. म्हणजे मोठ्या लग्नात सहावी टाकी आवारात येताच तुम्ही नियमाबाहेर गेलात. टाक्या सभागृहाबाहेर, उभ्या आणि मोकळ्या हवेत ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यानं खड्ड्यात किंवा नालीत साचून राहतो.

सजावटवाल्याशी करारातच लिहून घ्या की दरवाजावर पडदा नको आणि वाटेत जादा खुर्च्या नकोत. १९९७ मध्ये दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात ५९ जण दगावले, तिथं वाढवलेल्या खुर्च्यांनी बाहेरची वाट अडली होती.

एनओसी मिळाली म्हणून काम संपत नाही. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी दर जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन विभागाला द्यायचा असतो, आणि ही जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची. कार्यालय ठेक्यानं देणार असाल तर हे कोण भरणार ते करारात घाला. अनेक एजन्सीज जागेवर न येताच सही-शिक्का पाठवून देतात. पैसे देण्याआधी त्यांच्या माणसाला होज रील शेवटपर्यंत ओढायला लावा, पाणी सोडायला सांगा, दाब उतरल्यावर पंप आपोआप सुरू होतो का ते उभं राहून पाहा. पितळी नोझल अजून जागेवर आहे की भंगारात गेलं, तेही त्याच वेळी कळेल.