वाचकांचे प्रश्न : लाइन दोन, वाट एकच

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. चाकणच्या ग्राहकांची ड्रॉइंग्ज, ई-वे बिलं, सगळं नेटवर. दोन वेगळ्या कंपन्यांचे फायबर घेतले, तरी दोन्ही एकदमच बंद पडतात. लीज्ड लाइन (फक्त आपल्यासाठी राखलेली लाइन) घ्यावी का? (वाचक, भोसरी)

उत्तर : आधी दोन्ही तारा गेटबाहेर कुठून जातात, ते चालत जाऊन पाहा. कंपन्या वेगळ्या असल्या तरी तारा अनेकदा एकाच खांबांवरून किंवा एकाच चेंबरमधून येतात आणि खोदाईत दोन्ही एकत्र तुटतात. लीज्ड लाइन त्याच वाटेने आली तर तीही तुटेल. तिचे जादा पैसे समान अपलोड-डाउनलोड आणि दुरुस्तीच्या लेखी मुदतीसाठी असतात. लाइन '९९.५ टक्के' वेळ चालू राहील, असं करारात असेल तर ते मोजून पाहा : ३० दिवसांच्या महिन्यात ३ तास ३६ मिनिटं लाइन बंद राहिली तरी करार मोडत नाही.

तुम्हाला दुसरी लाइन हवेतून हवी. फाइव्ह-जीवरची फिक्स्ड वायरलेस सेवा (मोबाइल टॉवरवरून तुमच्या जागी बसवलेल्या युनिटला मिळणारं नेट) पुण्यात २०२३पासून मिळते आहे. पत्र्याच्या शेडमध्ये सिग्नल अडतो, म्हणून बाहेरचं युनिट छतावर, टॉवरच्या दिशेने बसवून घ्या. बसवणाऱ्याला आरएसआरपी, म्हणजे सिग्नलच्या जोराचा आकडा, दाखवायला सांगा. तो उणे ९०च्या आसपास असेल तर चांगला. उणे ११०च्याही खाली जात असेल तर जागा बदला.

दोन्ही लाइन ड्युअल-वॅन, म्हणजे दोन लाइन घेणाऱ्या राउटरला जोडा आणि फेलओव्हर (एक बंद पडली की दुसरी) ठेवा. लोड बॅलन्सिंग (दोन्ही एकदम वापरणं) नको. मध्येच आयपी (नेटवरचा तुमचा पत्ता) बदलला तर बँकेचं लॉगिन तुटू शकतं. खरी गफलत पुढे होते. राउटर अनेकदा फक्त तार जोडलेली आहे का, एवढंच पाहत असतो. बाहेर फायबर तुटला तरी मोडेम चालूच असतो, म्हणून राउटरला लाइन ठीक वाटते आणि तो दुसरीवर जातच नाही. त्याला नेटवरच्या ८.८.८.८ आणि १.१.१.१ या दोन्ही पत्त्यांवर दर ५ सेकंदांनी पिंग करायला (हाक मारून उत्तर येतं का पाहायला) लावा. सलग ३ वेळा दोन्हींकडून उत्तर नाही, तर लाइन बदल. पहिली लाइन सुरू झाली तरी तिच्यावर परत फिरण्याआधी ३ मिनिटं थांब, असंही त्याला सांगून ठेवा. चाचणी घेताना राउटरची तार न काढता मोडेममागची फायबरची पिन काढा. तिच्या टोकाला बोट लावू नका आणि त्यात डोळा घालून पाहू नका.

गुरुवारच्या वीजबंदसाठी मोडेम, राउटर आणि फाइव्ह-जीचं युनिट, तिन्हींना यूपीएस द्या. मिनी-यूपीएस घेण्याआधी प्रत्येक अॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. सगळे १२ व्होल्टचे नसतात.

प्रश्न : नवं कनेक्शन घेतल्यापासून कोथरूडच्या घरून दुकानातला टॅलीचा संगणक उघडत नाही. (वाचक, लक्ष्मी रोड)

उत्तर : दुकानातल्या राउटरचा वॅन आयपी (त्याला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर एकच सार्वजनिक पत्ता तुम्हाला आणि इतर अनेक ग्राहकांना मिळून दिला आहे; बाहेरून आत येता येत नाही. स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) मागा किंवा दुकानातून बाहेर जाणारा व्हीपीएन (नेटमधून जाणारी बंदिस्त वाट) लावा. वायरगार्ड हा व्हीपीएन वापरलात तर कीप-अलाइव्ह (वाट उघडी ठेवणारा संदेश) २५ सेकंद ठेवा. स्टॅटिक आयपी मिळाला तरी रिमोट डेस्कटॉपचा (दुरून संगणक चालवण्याचा) पोर्ट, म्हणजे दार, उघडा टाकू नका, रॅन्समवेअर (फाइली अडवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) त्याच दाराने शिरतं. तिथेही व्हीपीएनच हवा.

प्रश्न : पीआरआय (एकाच तारेवर अनेक कॉल नेणारी टेलिफोन लाइन) सोडून सिपवर (नेटवरून चालणाऱ्या फोनवर) जायचं आहे. एका वेळी १२ कॉल चालतात. नेट किती लागेल? (वाचक, शिवाजीनगर)

उत्तर : जी-७११ कोडेकवर (आवाज नेटवर पाठवण्याच्या एका पद्धतीत) एका कॉलला प्रत्येक दिशेला साधारण १०० केबीपीएस धरा. म्हणजे १२ कॉलना १.२ एमबीपीएस, अपलोडचे २ एमबीपीएस आवाजासाठी राखून ठेवा. एवढं कुठल्याही फायबरवर असतं. त्रास होतो तो कोणी मोठी फाइल चढवत असताना, आवाज तुटू लागतो. त्यासाठी राउटरमध्ये आवाजाला पहिला मान द्या. एका बाजूचाच आवाज येत असेल तर राउटरमधलं 'सिप एएलजी' (सिपच्या कॉलमध्ये फेरफार करणारी सोय) बंद करून पाहा.

जुने क्रमांक सिपवर तसेच राहतील, हे लेखी घेतल्याशिवाय पीआरआय सोडण्याचा अर्ज देऊ नका. आणि फॅक्स, लिफ्टमधला फोन, आगीचा अलार्म यांपैकी काही जुन्या टेलिफोन लाइनवर आहे का, ते एकेक तार धरून तपासा. त्यांची सोय होईपर्यंत ती लाइन राहू द्या.