मार्टिनची पेटी खाली उतरवा, पिल्लांना हात लावा

तुमच्या प्रश्नातलं मुख्य असं: ह्यूस्टनजवळच्या नव्या घराच्या परसात आधीच्या मालकांनी लावलेली 12 कप्प्यांची ॲल्युमिनियमची पेटी आहे, यंदा तिथे पर्पल मार्टिन या पक्ष्याची काही जोडपी आली, आणि आता मे महिन्यात खांबाखाली पिल्लं पडलेली सापडताहेत. दोन मेली, एक जिवंत आहे. माणसाचा हात लागला तर आई पिल्लू टाकून देते असं लहानपणापासून ऐकल्यामुळे तुम्ही पेटी उघडलीच नाहीत.

आधी त्या जिवंत पिल्लाचं बघू. त्याला उचला, अंगावर मुंग्या असतील तर झटका आणि आजच परत पेटीत ठेवा. आई त्याला टाकणार नाही. कोणत्या कप्प्यातून पडलं ते कळत नसेल तर साधारण त्याच वयाची पिल्लं असलेल्या कप्प्यात ठेवा, तिथले आईबाप त्यालाही भरवतात. चोचीत पाणी घालू नका, दूध-पाव तर अजिबात नको. घरात ठेवून वाढवण्याचाही विचार करू नका: परवान्याशिवाय ते बेकायदा आहे, आणि तासातासाला उडते किडे आणून देणं आपल्याला जमण्यासारखं नाही. जखमी असेल तर परवानाधारक वन्यजीव पुनर्वसन केंद्राला फोन करा.

आता पेटी. हा पक्षी भिंगरीच्या कुळातला, उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी भिंगरीच म्हणा. रॉकी पर्वताच्या पूर्वेला तो आज जवळजवळ पूर्णपणे माणसाने लावलेल्या पेट्यांत आणि भोपळ्यांतच घरटं करतो. इथले मूळ रहिवासी त्याच्यासाठी पोखरलेले भोपळे टांगत, तेव्हापासूनची ही सोबत आहे. त्यामुळे माणसाने घरटं तपासलं म्हणून मार्टिन जागा सोडून जात नाही. उलट जो महिनोन्महिने पेटी उघडत नाही, त्याच्याकडचीच पिल्लं जास्त मरतात, असं माझं ठाम मत आहे. आठवड्यातून एकदा पेटी उतरवायची. प्रत्येक कप्प्याला क्रमांक द्या आणि अंडी किती, पिल्लं किती, हे तारखेसह वहीत लिहा. मादी रोज एक अंडं घालते, बहुधा चार ते सहा. शेवटच्या अंड्यानंतर साधारण 15-16 दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि 26 ते 32 दिवसांची झाली की उडतात. तारीख लिहिलेली असली की वय कळतं, आणि वय कळणं फार महत्त्वाचं, कारण 22 दिवसांपुढच्या पिल्लांचा कप्पा उघडायचा नाही. घाबरून ती उडता येण्याआधीच उड्या मारतात.

पिल्लं पडण्याचं कारण बहुतेक वेळा घरट्यातच सापडतं. हात घालून तळाचा पाला उचला. बारीक तांबडे-करडे किडे हातावर धावले तर ते माइट; जाडसर राखाडी अळ्या दिसल्या तर त्या ब्लोफ्लाय नावाच्या माशीच्या, पिल्लांचं रक्त पितात. असं घरटं बदलायचं. सकाळी ऊन तापायच्या आत, पाऊस नसताना, बादलीत थोडा भुसा घालून पिल्लं त्यात सावलीला ठेवा. जुनं घरटं लांब नेऊन टाका, कप्पा खरवडून कोरडा करा आणि सीडरचा ढलप्यांसारखा भुसा इंच-दोन इंच पसरा. अगदी बारीक पीठभुसा नको. मागच्या बाजूला वाटीसारखा खळगा करा, म्हणजे पिल्लांचे पाय फाकत नाहीत. मार्टिन स्वतः आणते ती थोडी हिरवी पानं वर ठेवलीत तर उत्तम. पिल्लं त्याच कप्प्यात परत. पिल्लं साधारण 10 आणि 20 दिवसांची असताना एकेकदा असं बदललं तरी चालतं. पावसाने भिजलेलं घरटंही असंच बदलायचं. कीटकनाशक पावडर मात्र घरट्यात टाकू नका. काही जुने लोक सुचवतील, ऐकू नका.

किडे नसतील तर उष्णता बघा. तुमची पेटी जुनी दिसते, म्हणजे कप्पे 6 बाय 6 इंचांचे असणार. पाच पिल्लं, वर टेक्सासचं ऊन आणि धातूची भिंत: पिल्लं हवेसाठी दाराशी येतात आणि ढकलाढकलीत खाली पडतात. हंगाम संपला की मधली भिंत काढून दोन कप्प्यांचा एक करा, 6 बाय 12 चा. त्याने घुबडाच्या पंजापासूनही पिल्लं आत, दूर राहतात. आत्ता, घरटी असताना मात्र हे काम काढू नका.

आपल्या भागात फायर अँट्स, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्या, हा तिसरा शत्रू. खांबावर चढून त्या जिवंत पिल्लं खातात. खांबाच्या तळाशी मुंग्या मारायचं विषारी आमिष टाका. खांबावर जमिनीपासून चार-पाच फुटांवर धातूचा रुंद नळकांडीसारखा अडसर नसेल तर या शनिवारीच बसवा. नाहीतर रॅट स्नेक हा साप आणि रकून हा मांजराएवढा चढणारा प्राणी एका रात्रीत सगळे कप्पे रिकामे करतात.

आणि चिमण्या. इथे मला समजतं तुम्हाला काय वाटेल ते. नाशिक-पुण्यात आपण ज्या चिमणीसाठी लाकडी घरटी टांगतो, तीच ही, अगदी तीच जात. पण ती इथली नाही, 1850 च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये आणून सोडलेली. ती मार्टिनची अंडी फोडते, पिल्लं मारते. मार्टिनला 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचं संरक्षण आहे. चिमणी आणि साळुंकीच्या कुळातला स्टार्लिंग यांना नाही. स्टार्लिंगला अडवायला 3 इंच रुंद आणि सव्वा इंचाहून किंचित कमी उंचीचं अर्धचंद्राकृती दार मिळतं. चिमणी त्यातूनही शिरते, म्हणून तिचं घरटं दर आठवड्याला काढावंच लागतं. आधी पक्षी नीट ओळखा, कारण रेनसारख्या इथल्या छोट्या पक्ष्यांचं अंडी-पिल्लं असलेलं घरटं काढून टाकणं गुन्हा आहे.

डास कमी होतील का, असंही विचारलं आहे. नाही होणार. मार्टिन दिवसा उंचावर चतुर, भुंगे, उडत्या मुंग्या पकडते. डास त्या वेळी खाली गवतात असतात. किडे उडेनासे झाले की मात्र तिची उपासमार होते. 1972 च्या जूनमध्ये ॲग्नेस वादळाच्या सततच्या पावसाने पेनसिल्व्हेनियाच्या भागात मार्टिनच्या वसाहती ओस पडल्या. तीन-चार दिवस झड लागली, किंवा फेब्रुवारीत पहिले पक्षी आल्यावर पारा 50 फॅरनहाइटखाली राहिला, तर रातकिडे प्लास्टिकच्या चमच्याने हवेत भिरकावा. एकदा कळलं की मार्टिन ते हवेतच झेलतात. अंड्याची टरफलं भट्टीत भाजून, चुरून एका ताटलीत ठेवलीत तर कॅल्शियमसाठी आईबाप ती पिल्लांना नेऊन भरवतात.

पेटी उतरवल्यावर प्रत्येक कप्प्याचा फोटो इथे टाका. पिसांच्या नळ्या फुटल्या आहेत की नाहीत यावरून वय सांगता येईल, आणि कोणतं घरटं आधी बदलायचं तेही ठरवू.