हायड्रोजन की एचएचओ? आणि पेट्रोल गाडीला एचएचओ किट बसवावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: बसवू नका. एचएचओ म्हणजे विजेने पाणी फोडून मिळणारा हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा मिश्र वायू. किट तो गाडीच्याच विजेवर बनवून इंजिनात सोडतं. आणि कृपा करून "अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) तर फिरतोच आहे, वीज फुकटच मिळते" हे गॅरेजमधलं वाक्य मला ऐकवू नका. सायकलला डायनॅमो लावलेल्या कुणालाही विचारा, दिवा पेटला की पायडल जड होतं.

आता हिशेब. बाजारात मिळणारा नेहमीचा ड्राय सेल (बॅटरी नव्हे, पाणी फोडणारा प्लेटांचा संच) घ्या: ३१६एल स्टीलच्या सात प्लेट, म्हणजे सहा कप्पे. १३.८ व्होल्टला प्रत्येक कप्प्यावर २.३ व्होल्ट येतात. २० अँपिअर सोडले तर फॅरेडेच्या नियमाने मिनिटाला साधारण सव्वा लिटर वायू निघतो, त्यातला दोन तृतीयांश हायड्रोजन. तो जाळून मिळणारी उष्णता सुमारे १५० वॉट. सेलने वीज खाल्ली २७६ वॉट, आणि ती बनवायला अल्टरनेटरने इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून (क्रँक) ओढले साडेचारशेच्या वर. इंजिन त्या १५० मधले चाकाकडे परत देणार फार तर चाळीस. साडेचारशे घालवून चाळीस मिळवायचे, याला बचत म्हणतात?

आणि तासाला चार लिटर पेट्रोल पिणारी गाडी ३५ किलोवॉट उष्णता जाळत असते. त्यात हे १५० वॉट म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही.

"पण माझं मायलेज वाढलं" असं म्हणणाऱ्यांच्या किटसोबत बहुधा ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल बदलणारी एक छोटी डबी असते. ईसीयूला (इंजिन सांभाळणारा संगणक) फसवून मिश्रण पातळ करते ती, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. पेट्रोल वाचलं तर त्या डबीमुळे, आणि सोबत नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. उरलेलं श्रेय टायरमध्ये नुकत्याच भरलेल्या हवेला आणि हलक्या झालेल्या पायाला.

बिघाड कुठे होतात तेही सांगतो. वीज वाहावी म्हणून सेलच्या पाण्यात कॉस्टिक पोटॅश (एक तीव्र अल्कली) विरघळवतात. सेल तापला की या द्रावणाचा रोध घटतो, अँपिअर चढतात, सेल आणखी तापतो. प्रवाह आवरणारा पीडब्ल्यूएम कंट्रोलर नसेल तर हे चक्र फ्यूज उडेपर्यंत थांबत नाही. कॉस्टिक पोटॅशचा फवारा वायूबरोबर इनटेकमध्ये (इंजिनाच्या हवेच्या वाटेत) गेला तर तिथली हवा कमीजास्त करणारी ॲल्युमिनियमची थ्रॉटल बॉडी खातो. पोटॅशऐवजी मीठ टाकलं तर क्लोरीन निघतो. द्रावणात जमणारा तपकिरी गाळ स्टीलमधून सुटलेल्या लोखंड, क्रोमियम, निकेलचा असतो. त्यात विषारी षट्संयोजी क्रोमियम असू शकतं. तो मोरीत ओतू नका.

आता पहिला प्रश्न, हायड्रोजन की एचएचओ. ज्वलनात दोन्हीकडे हायड्रोजनच जळतो, फरक साठवणीचा आहे. शुद्ध हायड्रोजन ७०० बार दाबाने टाकीत भरता येतो. टोयोटाच्या मिराई या हायड्रोजन गाडीत तो साडेपाच किलोच्या आसपास मावतो. एचएचओमध्ये ऑक्सिजन आधीच नेमक्या मापात मिसळलेला, आणि पेटायला ०.०२ मिलिज्यूलची ठिणगी पुरते, म्हणून तो दाबून साठवायचा विचारही करू नये. बनला की लगेच जाळायचा, मध्ये बबलर (वायू पाण्यातून सोडणारं भांडं) आणि फ्लॅशबॅक अरेस्टर (उलटी येणारी ज्योत अडवणारा भाग) हवेच. इंजिन बंद झालं की सेल बंद व्हावा म्हणून ऑइल प्रेशर स्विचवरून रिले (विजेने चालणारा स्विच) घ्यावा लागतो. इग्निशनवरून घेतलेली जोडणी चावी चालू राहिली की गॅस बनवत बसते.

हायड्रोजनचंही फार कौतुक नको. एक किलो बनवायला ५० ते ५५ युनिट वीज लागते आणि जाळून हाती ३३ युनिटची उष्णता येते. वीज स्वस्त, हिरवी आणि जास्तीची असेल तरच तो परवडतो.

आता थोडं माघार घेतो. इंजिनात हायड्रोजन मिसळण्याची कल्पना खोटी नाही. दिल्लीत २०२० मध्ये राजघाट डेपोच्या बसगाड्या १८ टक्के हायड्रोजन असलेल्या सीएनजीवर चालवून पाहिल्या गेल्या. पण तो हायड्रोजन गाडीबाहेर बनलेला होता, आणि प्रमाण १८ टक्के होतं, थेंबभर नव्हतं.

एचएचओची खरी जागा कारागिराच्या ज्योतीच्या टॉर्चमध्ये आहे. दागिन्यांना डाग देणं (सांधे जोडणं), ॲक्रिलिकच्या कडा ज्योतीने चकचकीत करणं, यासाठी ती यंत्रं छान चालतात, कारण तिथे वीज भिंतीतल्या प्लगमधून येते आणि हवी असते ती बारीक, गरम ज्योत. फक्त बबलरची पातळी रोज बघा. ती उतरली की ज्योत उलटी आत शिरू शकते.