सिगरेट सोडली आणि झोपच उडाली

परवा पुन्हा एकीचा मेसेज आला. "नवऱ्याने सिगरेट सोडून आठवडा झाला, रात्रभर टक्क जागा असतो, छातीत धडधडतं म्हणतो, चिडचिड तर विचारूच नका, यापेक्षा ओढत होता तेच बरं होतं का?" हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की आता एकदाच नीट लिहून टाकते. त्यासाठी एक केस सांगते, त्यांना विचारून सांगतेय आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

नाशिकचे गृहस्थ, वय 44, बँकेत ऑफिसर. दिवसाला आठ-दहा सिगरेटी, सगळ्या टपरीवर उभं राहून एकेक घेतलेल्या. (महाराष्ट्रात सुट्या सिगरेटी विकायला 2020 पासून बंदी आहे, हे टपरीवाल्याला कुणीतरी सांगा.) पाकीट कधीच घ्यायचे नाहीत कारण पाकीट खिशात आलं की आपण ओढणाऱ्यांत जमा, असा त्यांचा हिशोब.

तीनदा सोडून झाली होती. एकदा पाडव्याला, एकदा आषाढीला, आणि एकदा लेकीने वाढदिवसाचं गिफ्ट म्हणून मागितलं तेव्हा. तिन्ही वेळा नवव्या-दहाव्या दिवशी परत टपरी. मला हेच कोडं पडलं, कारण निकोटिनची सगळ्यात वाईट तलफ पहिल्या दोन-तीन दिवसांत असते आणि मग हळूहळू ओसरते, आणि हे गृहस्थ अख्खा घाट चढून जायचे आणि सपाटीला आल्यावर माघारी फिरायचे.

"तलफ मी मारतो हो मॅडम," ते म्हणाले, "पण झोप? रात्री दोनला डोळे सताड उघडे, छाती धडधड, हात थरथरतात. परत ओढायला लागलो की चार-पाच दिवसांत सगळं जागेवर. माझ्या बॉडीला ती लागतेच."

छाती धडधड म्हटल्यावर मी आधी त्यांना डॉक्टरकडे पिटाळलं. चाळिशी उलटलेली, वर सिगरेट, इथे आम्ही समुपदेशकांनी शहाणपणा करायचा नसतो. ईसीजी नॉर्मल, बीपी नॉर्मल. डॉक्टरांनी टेन्शन घेऊ नका सांगितलं, म्हणजे ते परत माझ्याकडेच आले.

या वेळी बायको सोबत होत्या. मी विचारलं, दिवसभरात चहा-कॉफी किती होते? "चहा दोन-तीन." बायको लगेच, "आणि ते कॅन?" "अगं, ते डाएट आहे." "मॅडम, मागच्या वेळी सोडली होती ना, तेव्हा भंगारवाला आमच्याकडे बघून हसायला लागला होता."

एक छोटी वही दिली आणि म्हटलं काही बदलू नका, फक्त प्याल ते लिहा. आठवड्याने वही आली, बँकेतल्यासारखी रेघा मारून. चहा सहा, डाएट कोला चार. आणि आठवून सांगितलं की सिगरेट बंद असायची तेव्हा कॅन सहा-सातवर जायचे. कारण सरळ होतं. सिगरेट सोडल्यावर पहिल्या वर्षात चार-पाच किलो वजन वाढणं कॉमन आहे, ते यांनी कुठेतरी ऐकलेलं, त्यामुळे साखर नको. आणि हाताला चाळा हवा. बोलताना सुद्धा माझं पेन घेऊन टिकटिक चाललेली, कॅनचं ते फस्स आणि घशाला बसणारा चटका याने त्यांची टपरीची वेळ भरून निघायची.

आता यातली मजा बघा. सिगरेटच्या धुरातले काही घटक लिव्हरमधल्या एका एन्झाइमला जोरात कामाला लावत असतात, आणि चहा-कोल्यातल्या कॅफिनचा निचरा करणारं एन्झाइम तेच. म्हणून ओढणाऱ्यांच्या अंगातून कॅफिन जवळजवळ दुप्पट वेगाने निघून जातं, रात्री दहाला चहा पिऊन साडेदहाला घोरणारे काका आठवा. सिगरेट बंद झाली की काही दिवसांत ते एन्झाइम सुस्तावतं, म्हणजे सहा चहा तेच पण रक्तात जणू दहा-बारा चहांचं कॅफिन, आणि वरून यांनी कॅन वाढवलेले, एकेका कॅनमध्ये साधारण कपभर चहाइतकं कॅफिन. झोप कशी लागणार! हे काम धुराचं बरं का, निकोटिनचं नाही, त्यामुळे बिडीवाल्यांनाही लागू.

ते गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे डिपॉझिट चालूच, विड्रॉवल बंद." मी हे वाक्य आता सगळ्यांना सांगते.

निकोटिन गमपण त्यांनी घेऊन बघितलं होतं, "काही उपयोग नाही, नुसती उचकी." कसं घेतलं विचारलं तर बबलगमसारखं कचाकचा चावून, वर कोला. ते गम तोंडाच्या आतल्या कातडीतून शोषलं जातं आणि कोला, कॉफीसारखं आंबट काही असलं की शोषणच होत नाही. थोडं चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात ठेवून द्यायचं, गेल्या की परत थोडं. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत पाणी सोडून काही नाही.

मार्च एंडिंग जाऊ दिलं. एप्रिलमध्ये आधी दोन आठवडे चहा आणि कॅन हळूहळू निम्म्यावर, तीननंतर दोन्ही बंद, एकदम तोडलं तर डोकं चढतं. फस्स हवंच असेल तर साधा सोडा, लिंबू, मीठ. मग सिगरेट. मध्येच ॲस्पार्टेमने, म्हणजे डाएट कोल्यात साखरेऐवजी घालतात त्याने, कॅन्सर होतो हा फॉरवर्ड घेऊन आले. त्यांना म्हटलं, 2023 मध्ये ते 'शक्यता आहे' या गटात टाकलंय, रोजची मर्यादा मात्र बदललेली नाही, 70 किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला 9 ते 14 कॅन लागतील. सिगरेट असताना याची काळजी करणं म्हणजे घराला आग लागलीय आणि आपण नळ गळतोय म्हणून बसलोय.

चौथ्या आठवड्यात रामकुंडावर कुणाच्या तरी दहाव्याला गेले, पुरुष मंडळी बाजूला घोळका करून उभी, कुणीतरी पुढे केली, दोन ओढल्या. फोन आला तेव्हा आवाज असा की जणू कॅश काउंटरला पैसे कमी निघालेत. मी विचारलं, झोप कशीये? "झोप लागते हो." मग दोन सिगरेटींसाठी तीन आठवडे कशाला खोडायचे? दुसऱ्या दिवशी ओढली नाही.

तर त्या ताईंना उत्तर हेच, आधी डॉक्टर, मग घरातले कप मोजा. नवरा दम्याची थिओफायलिनची किंवा मानसिक आजाराची गोळी घेत असेल तर सिगरेट सोडल्याचं त्या डॉक्टरांना आधी कळवा, काही गोळ्यांचं असंच होतं, डोस बदलावा लागतो. आणि 1800-11-2356 ही फुकट हेल्पलाइन आहे, पाकिटावरच छापलेली असते. सुटी घेणाऱ्यांना ती कधी दिसतच नाही.

यांचा दहावा महिना चालू आहे. रविवारी मिसळीबरोबर एक कॅन असतो, त्यावर मी काही बोलत नाही.