मार्कोव्ह चेन वापरून बदलत जाणारा परफॉर्मन्स आधी सांगता येतो का?

तुमच्याकडे एका खेळाडूचा 24 महिन्यांचा चांगला/वाईट असा रेकॉर्ड आहे आणि त्यावरून पुढचं वर्ष काढायचंय, बरोबर ना? मार्कोव्ह चेन म्हणजे पुढच्या महिन्याची शक्यता फक्त या महिन्यावरून काढायची पद्धत. तिनं पुढचा महिना जमेल, वर्षाचं सोडून द्या.

समजा चांगल्या महिन्यानंतर परत चांगला यायची शक्यता 0.7 आहे आणि वाईटानंतर चांगला यायची 0.4. आज गडी फॉर्मात असेल तर पुढचे आकडे 70, 61, 58 टक्के असे उतरतात, ढेपाळलेला असेल तर 40, 52, 56 असे चढतात, म्हणजे तिसऱ्याच महिन्यात दोघं जवळपास एका जागी, आणि शेवटी सुरुवात कुठूनही करा सगळे 57 वर येऊन बसतात. मग बाराव्या महिन्याचं उत्तर म्हणजे नुसती सरासरीच झाली की.

खरी गोची वेगळीच आहे. साध्या चेनमध्ये ते 0.7 आणि 0.4 कायम तेच राहतात असं धरलेलं असतं. रशियन गणितज्ञ मार्कोव्हनं 1913 मध्ये कवी पुश्किनच्या काव्यातली 20,000 अक्षरं घेऊन स्वरानंतर स्वर किती वेळा येतो ते मोजलं, तिथे हे चालून गेलं, छापलेली अक्षरं काय सराव करून सुधारत नाहीत. माणूस सुधारतो, थकतो. त्यामुळे मी तर मागचा महिना कसा गेला आणि हा कितवा महिना आहे हे दोन इनपुट देऊन सरळ लॉजिस्टिक रिग्रेशन (इनपुटवरून चांगल्या महिन्याची शक्यता काढणारं सूत्र) लावतो, ती पण चेनच आहे, फक्त शक्यता काळाप्रमाणे सरकतात.

24 महिन्यांत बदल मोजायला मिळतात 23च, त्यामुळे दोनपेक्षा जास्त स्टेट (चांगला, वाईट अशा अवस्था) करू नका. डेटा कमी पडतो म्हणून दहा जणांचा एकत्र पण करू नका, मी केलाय तो गाढवपणा, काही जण कायम चांगले आणि काही कायम वाईट होते, एकत्र केल्यावर मॅट्रिक्स (त्या शक्यतांचा तक्ता) बघून वाटलं फॉर्म फार टिकतो, प्रत्यक्षात माणसंच वेगळी होती.

आणि तपासताना शेवटचे सहा महिने बाजूला ठेवा, बाकीच्यांवरून त्यांचा अंदाज काढा. पण नुसतं 'चांगला की वाईट' बरोबर आलं का ते बघू नका, कारण वरच्या आकड्यांत चेन दरवेळी 'गेल्या महिन्यासारखाच' एवढंच सांगते, ते तर कुणीही सांगेल. टक्केवारी किती जवळ आली ते ब्रायर स्कोअर (सांगितलेली शक्यता आणि प्रत्यक्षातला 1 किंवा 0 यांच्या फरकाच्या वर्गांची सरासरी, कमी तितका चांगला) काढून बघा.