दिवसभर नेटवर असतो, मग फसला कसा?

"मॅडम, आम्हाला फोन कसा वापरायचा ते हाच शिकवतो. आणि यानेच माझ्या खात्यातून उंची वाढवायची पावडर मागवली!" वडिलांच्या आवाजात रागापेक्षा अचंबा जास्त होता. शेजारी 15 वर्षांचा मुलगा मान खाली घालून बसलेला. फोन काढून घ्यावा का, हा त्यांचा प्रश्न. तो घेऊन कितीतरी पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वडिलांना बाहेर बसवलं आणि मुलाला म्हटलं, "ती साइट दाखव ना मला." पांढऱ्या कोटातला माणूस, नावात 'संशोधन संस्था', आधीचे-नंतरचे फोटो. "मी नीट वाचली होती, 'आमच्याविषयी'सुद्धा," तो पुटपुटला. खरंच वाचली होती, दोनदा.

मेख तिथेच होती. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाईनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 2017 साली मांडलेल्या अभ्यासात 45 जणांना वेबसाइटी पारखायला दिल्या होत्या: 10 पीएच.डी. झालेले इतिहासकार, 25 विद्यार्थी आणि 10 व्यावसायिक तथ्य-तपासनीस, म्हणजे माहिती खरी की खोटी हे तपासणं हाच ज्यांचा पेशा. इतिहासकार आणि विद्यार्थी बहुतेक त्याच पानावर रेंगाळले आणि देखण्या मांडणीला, लोगोला भुलले. तपासनीस पान अर्धवट सोडून नव्या टॅबमध्ये गेले, ही मंडळी कोण याची दुसरीकडे चौकशी करून आले. पीएच.डी. झालेले चकतात, तिथे या पोराला 'एवढंही कळत नाही' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

मग विचारलं, "गेमचं अकाउंट विकणारा खोटा आहे, हे कसं ओळखतोस?" पोरगा एकदम खुलला. प्रोफाइल कधीचं आहे ते बघायचं, नावापुढे 'स्कॅम' टाकून शोधायचं, फोटो कुठून उचललाय का ते तपासायचं, ग्रुपवर विचारायचं. कुणी शिकवलं नव्हतं. एका दोस्ताचे पैसे बुडाले, तेव्हापासून ही सवय लागली.

"हेच इथे करून बघ."

पाच मिनिटांत तोच 'डॉक्टर' दुसऱ्या साइटवर केसांचं तेल विकताना सापडला. मुलगा हसला, मग गप्प झाला. वर्गात उंचीवरून चिडवतात, हे त्यानंतर बाहेर आलं. पारखायचं कसं हे त्याला येत होतं, पण ही पावडर खरी निघावी असं त्याला मनापासून वाटत होतं. दुखऱ्या जागी शंका घेणं मोठ्यांनाही जड जातं.

वडिलांना म्हटलं, फोन काढून घेऊ नका, पुढच्या वेळी तो लपवेल. पैसे भरण्याआधी विचारायचं, एवढा नियम मात्र पक्का ठेवा. आणि तुम्हाला एखादा फॉरवर्ड आला, की "हे खरं का बघ रे" म्हणून त्याच्याकडे न्या. तो कसा शोधतो ते शेजारी बसून बघा.

निघताना मुलगा दारात थांबला. "मग उंची आता वाढणारच नाही का, मॅडम?"

हाडांच्या टोकांशी वाढीचा भाग असतो. तो अजून किती शिल्लक आहे याचा अंदाज डॉक्टर हाताच्या एक्स-रेवरून घेतात, असं सांगितलं. वडील ऐकत होते. त्यांनी तिथेच उभ्याउभ्या फोन लावून डॉक्टरांची वेळ घेतली.