घरात कुत्रा आणायला आपण तयार आहोत का, हे कसं ओळखायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघंही नोकरी करता, मुलं आठ आणि अकरा वर्षांची, सासूबाई दिवसभर घरी असतात आणि मुलांनी पिल्लासाठी हट्ट धरलाय. आमच्या घरीही अशीच माणसं, फक्त सासूबाईंच्या जागी माझी आई. म्हणून सांगते, आधी सासूबाईंना विचारा. तेही जेवताना सगळ्यांसमोर नको, एकटीला गाठून.

तीन महिन्यांचं पिल्लू तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ शू धरू शकत नाही. लसींचे डोस पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर, मैदानात सोडताही येत नाही, पार्वो या जीवघेण्या साथीच्या आजाराची भीती असते. तुम्ही सकाळी बाहेर पडणार, संध्याकाळी येणार; मधल्या वेळात फरशी पुसणार सासूबाईच. माझी आई सगळ्यांसमोर म्हणाली होती, "आणा की, मुलांना सोबत होईल." दोन दिवसांनी भाजी निवडताना हळूच म्हणाली, "पायात आलं तर पडेन गं मी." नातवंडांचा हिरमोड नको म्हणून गप्प बसली होती. त्या वर्षी आम्ही पिल्लू आणलं नाही.

मुलांचा हट्ट खरा असतो, पण तो सकाळी सहाला उठतो का, ते बघा. आम्ही कुत्रा नसतानाच महिनाभर फेरी सुरू केली. सकाळी सहा आणि रात्री नऊ, वीस-वीस मिनिटं, आणि महिना जुलैचा. धाकटा नवव्या दिवशी उठेना. मी त्याला रागावले नाही, आठ वर्षांचं पोर ते. पण नवऱ्याला आणि मला कळून चुकलं की कुत्रा आला तर तो आमचा असणार. कुत्रं दहा-बारा वर्षं, कधी त्याहून जास्त जगतं. तुमचं मोठं लेकरू तोवर शिकायला नाहीतर नोकरीला बाहेर पडलेलं असेल.

दोन वर्षांनी आम्ही पुन्हा विचार केला, आणि पिल्लूच हवं हा आग्रह सोडला. दोन वर्षांची एक गावठी कुत्री, नसबंदी झालेली, बाहेरच शू-शी करायची सवय असलेली, आधी तीन आठवडे फोस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरती सांभाळायला, घरी ठेवली. म्हातारं माणूस असलेल्या घरात मोठं, शांत कुत्रं जास्त सोयीचं, असं माझं ठाम मत आहे. तिसऱ्या आठवड्यात आईनेच विचारलं, "हिला परत कशाला पाठवायची?" तेव्हा आमचं ठरलं. तिचं नाव चिंगी.

खर्चाचं म्हणाल तर रोजच्या खाण्याचा आणि दरवर्षीच्या रेबीजच्या लसीचा हिशोब आधी मांडता येतो, आजारपणाचा नाही. पहिल्याच पावसाळ्यात चिंगीला गोचीडताप आला. रक्ततपासण्या, सलाईन आणि औषधं यांत आमची त्या महिन्याची बचत गेली. तेवढी रक्कम बाजूला काढता येत नसेल तर थोडं थांबा. कांदा, द्राक्षं, चॉकलेट तिच्या तोंडी लागणार नाही, हे मुलांना पाठ करून द्यावं लागतं. फटाक्यांना घाबरून ती मोरीत जाऊन बसते, म्हणून लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्यापैकी एक जण तिच्याजवळ थांबतो. गणपतीत गावी जाताना तिला कुठे ठेवायचं, हे दर वर्षी महिनाभर आधी ठरवावं लागतं. तुम्हीही हे आत्ताच बोलून घ्या.

मुलांना हस्की आवडतो, असं लिहिलंय तुम्ही. तो सायबेरियाच्या थंडीतला, दुहेरी केसांचा कुत्रा आहे. आपल्याकडच्या मे महिन्यात, फ्लॅटमध्ये त्याचे हाल होतात. कृपा करून तो आणू नका.

सोसायटीच्या विरोधाची फार काळजी करू नका. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला, बहुमताने ठराव करूनही, पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. महापालिकेचा परवाना मात्र काढा.

सासूबाई मनापासून हो म्हणाल्या तर तुम्हीही आधी फोस्टर करून बघा. नाही म्हणाल्या तर मुलांना आजीचं नाव सांगू नका. आत्ता नको असं आम्हीच ठरवलंय, म्हणा.